वल्ह्याला कान लावणारा

वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांडा कानाला टेकवायचा आणि एक बोट वर धरायचं. बोट वर असेपर्यंत होडीतल्या दुसऱ्या माणसाने खोकायचंसुद्धा नाही. मग तो म्हणायचा, "गप. बोलतोय." नाहीतर म्हणायचा, "नाय बोलत. चल."

तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, घोळ मासा पाण्याखाली आवाज करतो. थवा आला की दांड्यातून टर्र टर्र कानात येतं. आमच्या बापांच्या वेळी हे पुष्कळांना जमायचं. आता आमच्या दांडी गावात त्याच्या एकट्याला जमायचं. माझ्या कानात नुसतं पाणी वाजायचं. होडी आम्हा दोघांची, अर्धी-अर्धी. तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा.

भीती कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं. एकदा सरावलीला मेव्हण्याकडे राहून पाण्याची उंच टाकी रंगवायच्या कामाला लागला. खालून मुकादम ओरडतोय, "अरे काका, बेल्ट बांधो, गिर जाओगे!" हा वरून सांगतो, "बांधला तर वाकून समुद्र कसा दिसेल?" तिसऱ्या दिवशी हाकलला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "वरून आपलं छप्पर दिसतं गं. एक कौल फुटलंय." मी शिडी लावून चढलो तर खरंच फुटलेलं.

तीन मुली त्याला. सकाळी तिघींना अंगणात ओळीने बसवून वेण्या हाच घालायचा, आणि शेवटी जाळ्याची गाठ मारायचा. ती काही केल्या सुटायची नाही. बायको ओरडायची, "अवो, पोरींची डोकी हायत ती, जाळी नाय!" पोहायलाही त्यानेच शिकवलं, होडीतून ढकलून. मागोमाग स्वतः उडी मारायचा, पण तेवढं बायकोला सांगायचं राहून जायचं. मासळीच्या पेट्यांचं थर्माकोल जुन्या जाळ्यात बांधून त्याने मुलींना खाडीत खेळायला एक तराफाही केला होता.

पण शेवटची तीनेक वर्षं तो 'बोलतोय' म्हणायचाच नाही. दांडा कानाला लावून नुसता बसून राहायचा. "दादा, खाली कोणच नाय," म्हणायचा. मग आम्ही समुद्रातल्या खडकाच्याही पलीकडे, आणखी बाहेर जायचो. शेजारच्या नवापूरचे माड बारीक व्हायचे, मग दिसेनासे व्हायचे. तो पुढे बघायचा, मी मागे.

त्यात माझी बायको खोकायला लागली. एके सकाळी तो घरी आला, तिला म्हणाला, "वहिनी, पाठ करा." आणि सरळ तिच्या पाठीला कान लावला. ती हसली. "काय रे, घोळ हाय काय आत?" तो हसला नाही. मला बाहेर नेऊन म्हणाला, "पाणी हाय दादा. आजच पालघरला ने."

मी म्हटलं, "तू काय डॉक्टर हायस? उद्या बघू."

उद्या नेली. परवा परत आणली ती गाडीतून, झाकून.

पहिला खांदा त्यानेच दिला. माझ्या घरात सुतक, म्हणजे होडीलाही सुतक. दहा दिवस तिला पाण्यात घालायची नाही, असं आमच्यात आहे. होडी वाळूवर ओढून ठेवली.

चौथ्या दिवशी सकाळी तो धावत आला. कमरेपर्यंत भिजलेला, हातात वल्हं. "दादा, बोलतोय! खडकाच्या पलीकडं बोलतोय! ऊठ!"

"सुतक हाय."

"तुला हाय. माझी अर्धी होडी तरी दे."

"अर्धी होडी पाण्यात कशी घालणार?"

तो हसला. मग माझ्यासमोर उकिडवा बसला, हळू बोलला. "दहा दिवस तो थांबणार नाय रे. वहिनी असती तर तिनंच होडी ढकलली असती."

तिचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "जा मग. मर तिकडं."

"बरं," म्हणाला आणि गेला.

मुलींचा तराफा घेऊन गेला. हे मला दुपारी कळलं, त्याची बायको दारात येऊन "दादा, हे तुमच्याकडं हायत ना?" असं विचारायला लागली तेव्हा. वारा जमिनीकडून सुटला होता. जे तरंगेल ते बाहेर ओढून नेणारा वारा.

ज्या होडीला त्याला हात लावू दिला नाही ती मीच ढकलली, सुतकात. कोणी अडवलं नाही. खडकाच्या पलीकडे इंजिन बंद करून हाका मारल्या. थर्माकोलचे तुकडे मिळाले. जाळं मिळालं. गाठ एकही सुटली नव्हती.

पुढे गावच्या होड्या फिरल्या, पोलिसांची बोट फिरली. तो मिळाला नाही. मग म्हातारी माणसं त्याच्या बायकोला सांगायला लागली, गवताचा पुतळा कर, जाळ, सुतक धर, मोकळी हो.

ती म्हणाली, "गवत माजं कोण लागतं?"

माझ्या बायकोचं दहावं झालं त्या संध्याकाळी त्याची बायको माझ्या ओट्यावर येऊन बसली. "दादा, खरं सांगा. शेवटी त्यांना काय बोललात?"

जन्मभर मी तोंडाला येईल ते बोललो. तेवढ्या वेळी खोटं बोलावंसं वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सांगितलं. मर तिकडं, म्हणालो.

"मग ते काय बोलले?"

"बरं, म्हणाला."

"तुमचं कधी ऐकलंय त्यांनी?"

"नाय."

"मग आता कशाला ऐकतील?" ती उठली. "उद्या होडी काढाल तेव्हा मला हाक मारा."

आमच्यात बाई होडीत चढत नाही. ती चढली. तेव्हापासून रोज येते, कपाळाला कुंकू लावून पुढच्या टोकाला बसते. बंदरावरची माणसं बघतात आणि खाली मान घालतात. खडक मागे पडला की मी विचारतो, "फिरवू?" ती वळून बघत नाही. नुसता हात पुढे करते.

आणि मी फिरवत नाही.