दोन डोळ्यांतलं जवस

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धंतोलीतल्या एका दवाखान्यात झालं. डावा डोळा काही आठवड्यांनी करू, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी काढून घरी आणलं, तर बाबा बैठकीच्या भिंतीसमोर उभे राहिले आणि ही कधी रंगवली, असं विचारू लागले. भिंत कोणीच रंगवली नव्हती. मग त्यांनी तळहातानं आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. भिंतीनंतर स्वतःची बनियन पाहिली, दुधाचं पातेलं पाहिलं. नव्या डोळ्याला सगळं पांढरंशुभ्र दिसत होतं. जुन्या डोळ्याला तेच चहा सांडून धुतल्यासारखं दिसत होतं. दोन दिवस ते घरभर असे एकेक डोळा झाकत फिरले. सासूबाई म्हणाल्या की लोक हसतील, पण त्यांनी ऐकलं नाही.

रंगाचं त्यांना एवढं असण्याला कारण होतं. घराणं मूळचं उमरेडच्या विणकरांचं, पण घरातला माग त्यांच्या लहानपणीच थांबला. तरुणपणी ते गांधीबागेतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये लागले आणि तिथूनच म्हातारे होऊन घरी बसले. बाया साडी घेऊन यायच्या आणि बाबा कपाटातून तिच्यावर जाणारा ब्लाऊजपीस काढून द्यायचे. साडीकडे एकदा पाहिलं की हात बरोबर त्या गठ्ठ्यावर जायचा, हे ते अजूनही अभिमानानं सांगत.

मी शाळेत शिकवते. दोनेक वर्षांपूर्वी मी एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून रविवारी सकाळी गाडी काढून जवळपास कुठंतरी जाते. कधी गोरेवाड्याला, कधी खिंडशीला, कधी उमरेडकडच्या तळ्यांवर. नवऱ्याला रविवारची झोप प्यारी, म्हणून मी एकटीच जायची. त्या हिवाळ्यात मात्र बाबांनी विचारलं की मीही येऊ का. डॉक्टरांनी काळा चष्मा लावून, धूळ टाळून फिरायला हरकत नाही म्हटलं होतं. बाबा निघाले म्हणून सासूबाईही डबा घेऊन मागच्या सीटवर बसल्या.

जानेवारी होता. कुहीकडच्या रस्त्यानं आम्ही एका तळ्याकडे चाललो होतो. बाबांनी एकदम गाडी थांबवायला सांगितली. बांधापलीकडे जवसाचं शेत होतं, सगळं निळं. मला त्यात थांबण्यासारखं काय ते कळलं नाही, कारण जवस निळंच असतं. पण बाबांची कितीतरी वर्षांची तक्रार होती की हल्लीच्या बियाण्याला पांढरी फुलं येतात, लहानपणी पाहिलेलं निळं जवस आता राहिलं नाही. पांढऱ्या फुलांचं जवसही असतं म्हणतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं कोणी तपासून पाहिलं नव्हतं.

हवा पडलेली होती, म्हणून मी त्यांना चष्मा काढू दिला. बांधावर उभं राहून त्यांनी डावा डोळा झाकला आणि पाहिलं. मग उजवा झाकला. पुन्हा डावा. मी वाट पाहत राहिले.

"बेटा," ते म्हणाले, "तुह्या कॅमेऱ्याले कसं दिसून राहिलं?"

मी एक फोटो काढून मागच्या पडद्यावर दाखवला. नव्या डोळ्यानं त्यांना फोटोतली फुलं निळी दिसली, जुन्या डोळ्यानं फोटोतलीही पांढुरकीच. म्हणजे कॅमेऱ्याला विचारून काही उपयोग नव्हता, उत्तर पुन्हा त्याच डोळ्यांतून यायचं.

मी त्यांना सांगितलं की कॅमेऱ्यात एक सोय असते, तिनं सगळा फोटो पिवळसर किंवा निळसर करता येतो. उजेड बदलला की रंग बदलतो, म्हणून ती दिलेली असते. हे त्यांना लगेच पटलं. दुकानात ट्यूबलाइटखाली जुळलेला कपडा बाया दारापाशी नेऊन उन्हात पुन्हा पाहायच्या, तसंच हे, असं ते म्हणाले. मग मी विचार केला की जुन्या डोळ्याला दिसतं तसा फोटो जमतो का पाहू. मी पिवळेपणा हळूहळू वाढवत नेला आणि बाबा जुन्या डोळ्यानं एकदा शेताकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिले. जुळेचना. पडदा नेहमी जास्तच पिवळा वाटायचा.

चूक मला गाडीशी परत आल्यावर उमगली. जुना डोळा पडद्यावरही आपला पिवळा रंग चढवत होता. फुलं जुन्या डोळ्यानं पाहायची आणि पडदा नव्या डोळ्यानं, तरच मेळ बसेल. मी बाबांना पुन्हा बांधावर नेलं. पडद्यावर ऊन पडू नये म्हणून सासूबाईंनी शाल धरली. त्या एवढ्या वेळ गाडीत बसून कंटाळल्या होत्या, पण आता काय चाललंय ते त्यांनाही बघायचं होतं. बाबा डोळे आलटूनपालटून झाकत होते, मी रंग बदलायचं कॅमेऱ्यावरचं चाक फिरवत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला.

"थांब. असंच."

मी पडदा माझ्याकडे वळवला. फुलं राखेसारखी पांढरी झाली होती. आकाश जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाचं होतं. शेत हिरवंच होतं, पण त्यातली सकाळ गेली होती, संध्याकाळ व्हायला आल्यासारखं वाटत होतं. एकाच घरात राहून, एकाच टेबलावर जेवून हा माणूस इतकी वर्षं हे बघत होता आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

बाबांनी तो पडदा पुन्हा नव्या डोळ्यानं पाहिला. मग त्यांनी सांगितलं की दुकानातल्या शेवटच्या काही वर्षांत बाया ब्लाऊजपीस परत आणायच्या. निळा मागितला तर काळा दिला म्हणायच्या, जांभळ्याला तपकिरी दिला म्हणायच्या. ते त्यांच्याशी वाद घालायचे. मालक जुना माणूस म्हणून काही बोलला नाही, पण हळूहळू त्यांना हिशेबाच्या गादीजवळ बसवू लागला.

"मंजे त्या बाया बरोबर होत्या," ते म्हणाले.

सासूबाई शालीची घडी करत होत्या. त्या म्हणाल्या, "मले जांभळी म्हणून आणली होती ना तुम्ही, ते साडी बी तपकिरीच आहे."

"मंग सांगितलं काहून नाही वं?"

"सांगून काय करतं? तुमचा धंदाच रंगाचा."

बाबांनी काळा चष्मा परत लावला. आम्ही तळ्यावर गेलो, डबा खाल्ला. परतताना दुपार झाली होती आणि जवसाच्या सकाळपुरत्या फुलांच्या पाकळ्या गळून गेल्या होत्या. शेत नुसतं हिरवं उरलं होतं. बाबांनी मान वळवून तेही पाहिलं.

त्यानंतर दर रविवारी आम्ही हा खेळच केला. प्रत्येक गोष्टीचे दोन फोटो. तारेवर बसलेल्या नीळकंठाचे, मकरधोकड्याच्या तळ्यातल्या पाण्याचे, सासूबाईंच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचे. मी आधी चांगला उजेड, चांगली चौकट शोधायची. आता कोणत्या गोष्टीत दोन डोळ्यांचं पटणार नाही, ते शोधू लागले. माझे अंदाज चुकायचे त्यात मला जास्त मजा येत होती.

डाव्या डोळ्याची तारीख जवळ आली तेव्हा बाबांनी डॉक्टरांना विचारलं की हा असाच ठेवला तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकत जाईल, मग अवघड होईल. बाबांनी पळस फुलेपर्यंत मुदत मागून घेतली. जुन्या डोळ्यातला पळस त्यांना एकदा नव्याशेजारी ठेवून बघायचा होता. फेब्रुवारीच्या शेवटी रामटेकच्या रस्त्यावर एक झाड पानं झाडून पूर्ण पेटलेलं मिळालं. बाबांनी एक डोळा झाकला, दुसरा झाकला, जवळ गेले, खाली पडलेलं फूल हातात घेऊन पाहिलं.

"काहीच फरक नाही," ते म्हणाले. मी कॅमेऱ्याचं चाक फिरवायला तयार होते, पण फिरवायची गरजच पडली नाही. पिवळ्या काचेतून निळा मरतो, केशरी मरत नाही, हे नंतर मी वाचलं. त्या दिवशी आम्ही नुसते चकित होऊन झाडाखाली उभे होतो.

दुसरं ऑपरेशन नीट झालं. पुढे एकदा बाबांनी जवसाचा तो राखाडी फोटो मागून घेतला. बराच वेळ पाहून म्हणाले की इतकं पांढरं दिसत नव्हतं, तू जास्त केलंस. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच थांब म्हणालात. त्यांना ते आठवत होतं, पण पटत नव्हतं. आता तपासायला जुना डोळा नव्हता. कोणाचं खरं, हे कळायचा रस्ता बंद झाला आणि मला त्याची थोडी हुरहूर लागली. बाबांना मात्र नाही.

उन्हं तापायच्या आधी आम्ही खिंडशीच्या तळ्यावर गेलो. बाबा काठावरच्या दगडावर बसून पाण्याकडे बघत होते. त्यांनी मला विचारलं, तुला पाणी कोणत्या रंगाचं दिसतं. मी म्हटलं, हिरवट. ते म्हणाले, त्यांना निळं दिसून राहिलं. ऑपरेशनमध्ये बसवलेली त्यांच्या डोळ्यांतली भिंगं नवी होती, माझी जन्मापासूनची, सत्तेचाळीस वर्षांची. मी तळहातानं एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. दोन्हींतून हिरवटच.