आटवलेलं पाणी

पोरगी गुलाबी झाली! आधी हेच लिहितो, बाकीचं मागून.

नात दीड महिन्याची. सुनेला दूध कमी, म्हणून डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजायची. पाणी आमच्याच विहिरीचं, दिंडोरीच्या मळ्यातलं. तान्ह्याचं पाणी निम्मं होईस्तोवर आटवायचं, ही माझ्या बायकोची रीत. ती यंदाच गेली, नातीचं तोंड काही तिला दिसलं नाही. सुनेनं रीत मात्र नेमानं पाळली.

त्या सकाळी बाळाला अंघोळ घालताना सून ओरडली, "आबा, हिचे ओठ बघा!"

ओठ निळे, नखं निळी. शेजारीण म्हणाली, "दृष्ट लागलीय, मिरच्या ओवाळा."

"मिरच्या तू खा," म्हणालो, आणि पोराला गाडी काढायला लावली. नाशिक येईस्तोवर मी नातीच्या नाकाशी बोट धरून होतो.

डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "पाणी कुठलं पाजता?"

"विहिरीचं. पण निम्मं आटवून!" मी छाती काढून सांगितलं.

"मळ्यात खत कसं देता?"

"ड्रीपमधून, ठिबकच्या नळ्यांतनं सोडतो," पोरगा म्हणाला. "खताची टाकी विहिरीच्या काठावरच हाय."

"उकळून जंतू मरतात, आजोबा, खत जात नाही. पाणी आटतं, खत तेवढंच राहतं. त्यानं एवढ्याशा बाळाच्या रक्ताला प्राणवायू पुरवता येत नाही."

माझं टाळकं फिरलं. "माझ्या बायकोनं चार पोरं वाढवली त्या पाण्यावर! तिला नावं ठेवायची नाय!"

"त्यांचं चुकलं नव्हतं. तेव्हा विहिरीत खत उतरलेलं नव्हतं."

मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. बघू दे लोकांना.

मग शिरेतून औषध सोडलं, तेही निळंच! म्हटलं, निळ्या पोरीला निळं औषध, ही काय थट्टा? पण काय सांगू, बघता बघता ओठांवर रंग चढला! नखं उजळली! मी वॉर्डभर ओरडत सुटलो, "बघा, बघा!"

"आजोबा, हळू," नर्स म्हणाली, "बाकीची बाळं झोपलीत."

"उठू द्या की! त्यांनाबी बघू द्या!"

येताना नाशिकहून तपासलेलं पाणी आणलं होतं, तरी घरी आल्यावर सुनेचा हात सवयीनं विहिरीच्या पाण्याकडे गेला. मी पातेलं उचललं आणि अंगणात पालथं केलं.

"आबा, आईंची रीत..."

"तिला नात पायजे होती, रीत नाय. ते तपासून आणलेलं पाणी घे लवकर, पोरगी भुकेनं बोंबलतीय!"