पाचव्या मजल्यावर काय विचारतात

त्या सहा मजली इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे चौकशीकाका म्हणत. कोण, कुठे, कशाला आलंय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "नसत्या उठाठेवी तुमच्या," बायको म्हणायची.

पाचव्या मजल्यावरच्या कंपनीत दर मंगळवारी मुलाखती असत. वर जाताना मुलंमुली फायली छातीशी धरून गप्प उभी. खाली येताना एखाद्याचा चेहरा फुललेला, बाकीच्यांचे पडलेले. त्या खोलीत असं विचारतात तरी काय? काका उतरणाऱ्यांना विचारू लागले आणि ऐकलेलं चढणाऱ्यांना सांगू लागले. दार उघडेपर्यंत जेमतेम चाळीस सेकंद मिळत.

एका मंगळवारी पहिल्याच नोकरीसाठी आलेली एक मुलगी चढली. काका म्हणाले, "स्वतःबद्दल सांग म्हणतील. मार्क सांगू नकोस, ते कागदावर असतातच."

"मग काय सांगू?"

"घरी काय करतेस?"

"आजोबांची औषधं सांभाळते. बारा गोळ्या, दिवसातून चार वेळा. तक्ता केलाय. दोन वर्षांत एकदाही चुकले नाही."

"मग हेच सांग की."

तिने तेच सांगितलं आणि माल पाठवायच्या विभागात तिला घेतलं. आनंदाच्या भरात तिने लिफ्टवाल्या काकांचंही नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखती घेणारे साहेब लिफ्टमध्ये शिरले. "आमचे प्रश्न तुम्ही फोडता म्हणे."

काकांनी पाचव्याचं बटण दाबलं. "फोडतो, साहेब. उत्तरं मात्र त्यांचीच असतात."

पाचवा मजला आला. दार उघडल्यावरही साहेब तिथेच उभे राहिले. "वीस मिनिटं बोलूनही मला त्या गोळ्यांचा पत्ता लागला नसता. तुम्ही कसं काढून घेतलंत?"

"मला खरंच ऐकायचं होतं," काका म्हणाले.

तेव्हापासून मंगळवारी उमेदवारांना अर्धा तास आधी बोलावतात. तळमजल्यावर खुर्च्या मांडतात, काका त्यांच्याशी बोलतात आणि तेवढा वेळ रखवालदार लिफ्ट बघतो. सगळ्यांनाच नोकरी लागते असं नाही. परवा नकार मिळालेला एक तरुण लिफ्ट टाळून जिन्याने निघाला. गुडघे धरत काका त्याच्यामागे उतरले आणि दुसऱ्या मजल्यावर त्याला गाठलं.

"वाटलं तर सांग, पण नेमकं अडलं कुठे?"

तो आधी चिडला. मग पायरीवर बसला आणि सांगू लागला.