अप्पाजींच्या पानमळ्यातलं औषध

अप्पाजींच्या पानमळ्यात चपला घालून कोणी जात नाही. कुंभकोणमजवळ तिरुविसनल्लूरकडे जाणाऱ्या कालव्याच्या कडेला त्यांचा मळा आहे. हादग्याच्या झाडांवर चढवलेल्या नागवेली, खाली कायमची ओल आणि वर हिरवं छत. एकाहत्तर वर्षांचे अप्पाजी पहाटे आंघोळ करून येतात, बांधावर चपला काढतात, आणि मगच वेलीला हात लावतात. वेल म्हणजे लक्ष्मी. तिच्या घरात पायताण चालत नाही. गायत्रीला हे कळलं ते ओरडा खाऊन.

मे महिन्यातला रविवार होता. गायत्री, तिचा नवरा रविशंकर आणि नऊ वर्षांची कीर्ति सुट्टीसाठी चेन्नईहून आली होती आणि कुंभकोणमबाहेर एका शेतघरात उतरली होती. त्या सकाळी तिघं तिरुनागेश्वरम्‌च्या देवळाला निघाली. फोनमधल्या नकाशाने जवळची वाट दाखवली आणि रविशंकरने ती धरली. कालव्याच्या बांधावरून गाडी चालली असताना समोरून पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यायला गाडी जरा डावीकडे घेतली, तर कडेची माती खचली आणि गाडी दोन चाकांवर कालव्याकडे कलंडली.

कोणाला ओरखडाही आला नाही. पण गायत्रीने कीर्तिला बाहेर काढल्यावर आधी मागची निळी पिशवी ओढली. कीर्तिला दोन वर्षांपासून मधुमेह आहे. पिशवीत तिचं इन्सुलिन होतं, सुट्टीभर पुरेल इतकं. शेतघरातली वीज रात्रभर गेली होती, म्हणून पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालेलं. गायत्रीने कुंभकोणमच्या औषधदुकानात फोन लावला. त्या जातीचं इन्सुलिन मंगळवारच्या आत मिळणार नव्हतं. वर अकराचं ऊन तव्यासारखं तापलं होतं. उन्हाने औषध मेलं तर ते दिसायला तसंच दिसतं, नुसतं काम करत नाही. एवढं आठवलं आणि ती पिशवी पोटाशी धरून सावली शोधू लागली.

"कोणाला लागलं नाही ना?" मळ्यातून तमिळमध्ये प्रश्न आला. कमरेला गुडघ्यापर्यंत दुमडलेली वेष्टी, डोक्यावर ओला पंचा बांधलेला म्हातारा झाडांतून बाहेर आला. "मग गाडीचं सोडा. ट्रॅक्टर पेंढा टाकून चारला परत येईल, तोच ओढेल. पोरीला सावलीत आणा."

गायत्री कीर्तिला घेऊन घाईने आत शिरली.

"अम्मा! चप्पल!"

ती दचकून मागे सरली. तापलेल्या बांधावर चपला काढून, पाय चटचट उचलत पुन्हा आत आली. सगळं ऐकून म्हाताऱ्याने पिशवीसाठी हात पुढे केला. "द्या. मी गार ठेवतो."

आता तंजावूरकडे पिढ्यानपिढ्या राहिलेल्या, गायत्रीच्या घरासारख्या मराठी घरांची एक जुनी सवय आहे. बाहेर तमिळ, घरात मराठी. आणि ही घरातली मराठी गर्दीतही निर्धास्त वापरायची; दुकानात भाव पाडताना, पाहुण्यांदेखत भांडताना. कोणाला कळतंय? गायत्रीच्या आईने हेच केलं, आजीनेही. गायत्री नवऱ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "याच्या हातात देऊ नका हं. नखं बघा, काळीकुट्ट! आणि त्या ट्रॅक्टरवाल्याशी साटंलोटं असणार याचं. गाडी ओढायचे पैसे काढायला बांध उकरून ठेवत असतील मेले."

"हळू बोल," रविशंकर म्हणाला.

"कशाला हळू? याला काय कळतंय!"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो एका कोपऱ्यात गेला. तिथे हादग्याखाली, ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला एक मातीचा माठ होता. त्यावर ओलं गोणपाट. ते उचलून त्याने आतली पितळेची डबी काढली, उघडून दाखवली. आत इन्सुलिनची बाटली.

"माझ्या बायकोची," तो तमिळमध्ये म्हणाला. "अकरा वर्षं झाली, ती सुई घेते. वादळाच्या वर्षी आठवडाभर वीज नव्हती, तेव्हापासून इथंच ठेवतो. पानं खुडली की केळीच्या खोडाच्या ओल्या सोपटात गुंडाळतो ना, ती भर उन्हात लांबच्या बाजाराला ताजी पोचतात. म्हटलं, पान टिकतं तर औषधही टिकेल. डॉक्टरांना विचारलं, ते बरं म्हणाले."

गायत्रीने माठात हात घातला. विहिरीच्या पायरीसारखा गारवा लागला. मग तिने स्वतः पिशवी पुढे केली.

एकच्या सुमाराला एक ठेंगणी बाई डबा घेऊन बांधावरून आली आणि चपला काढता काढता म्हाताऱ्यावर कडाडली, मराठीत. "लेकरूं कवापासून बसलं आहे, आणि मज आता निरोप? ताकभात तरी दिलां का?"

गायत्रीचे कान शरमेने तापले. रविशंकर वेलींकडे बघू लागला.

"वत्सला, माझी बायको," अप्पाजी आता मराठीत म्हणाले आणि आपले हात उलटे करून बघितले. "नखं काळी आहेत खरीच, अम्मा. पान खुडून होतात. बांध मात्र उंदरांनी उकरला."

"काका, मला माफ करा. तुम्ही आधी बोलला का नाहीत?"

"माझी पोरंही आता तमिळच बोलतात. ही एक माझ्याशी भांडते मराठीत, बाकी कोण? वडील गेल्यापासून कोणी परक्याने मज मराठीत शिवी दिली नव्हती." त्यांचे डोळे हसत होते. "म्हटलं, थोडं ऐकूं."

वत्सलाबाईंना कळेना, पण त्याही हसल्या. गायत्रीने कीर्तिला सुई टोचली, मग पोरगी केळीच्या पानावर ताकभात जेवली आणि वत्सलाबाईंना तमिळ रीतीने आजी म्हणत विचारू लागली, "पाटी, तुम्हांलाही पोटात टोचतात?" दोघी सुयांच्या गोष्टी करत बसल्या. गायत्रीचं लक्ष घड्याळात होतं. औषध जिवंत आहे की नाही, हे दोन तासांनी रक्तच सांगणार होतं.

तीन वाजता तिने कीर्तिचं बोट टोचलं. यंत्रावर आकडा आला: एकशे अडतीस. औषध जिवंत होतं. ती तिथेच ओल्या मातीत बसून रडली. वत्सलाबाईंनी पाठीवर हात ठेवला. चारला ट्रॅक्टर आला आणि त्याने गाडी ओढून काढली.

शेतघरातली वीज पुढचे चार दिवस येत-जात राहिली. राखीव औषध मळ्यातल्या माठातच राहिलं. रोज सकाळी गायत्री ते पाहायला जायची आणि अप्पाजींनी ओरडायच्या आत चपला बांधावर काढायची.

शेवटच्या दिवशी अप्पाजींनी औषध केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून दिलं. ते पुन्हा वेलींकडे वळल्यावर गायत्री नवऱ्याला मराठीत, मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "या म्हाताऱ्यासारखा माणूस मी पाहिला नाही हो. माझी पोर याने सांभाळली. जन्मभर विसरायची नाही मी."

अप्पाजी पाठमोरे पानं खुडत राहिले. काही कळलंच नाही अशा थाटात, तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, चपला विसरू नका."