शिवशरणकाकांची सळई

शिवशरणकाका कुणाच्याबी खळ्यावर न विचारता शिरायचे. हातात लांब लोखंडी सळई. ती कडब्याच्या गंजीत खुपसायची, थोडा वेळ बसायचं, मग उपसून तळहातात धरायची. साखर कारखान्यात तीस वर्षं उसाच्या भुश्श्याचे ढीग राखले, तिथली ही खोड. गाव हसायचं. मला मात्र संशय यायचा. रिकामा माणूस दुसऱ्याच्या गंजीत कशाला हात घालतोय?

माझा सोभावच तसला. गेल्या साली माझी गंजी भर दुपारी जळाली. शेजारचा चुलतभाऊ बालाजी, बांधावरून आमचं वाजलेलं. दुसरं कोण असणार? वर्षभर त्याच्याशी बोललो न्हाय. अवंदा काय झालं तर सरळ पोलिसात त्याचं नाव द्यायचं ठरवलं हुतं.

परवा सकाळी गंजीतून वाफ निघताना दिसली. करपल्याचा वास. म्या लोहाऱ्याच्या पोलीस ठाण्यात जायला गाडी काढली, तर काका आडवे आले. "महारुद्रा, हे धर." माझ्या गंजीतून उपसलेली सळई एवढी तापलेली की हातातून पडलीच.

"एक आग भडकती, ती दिसती," काका म्हणाले. "एक आतल्या आत धुमसती. अन् एक कुणीच लावत न्हाय, ओल्या मालात ऊब धरून आपली आपण लागती. कडबा ओलाच रचलास ना?"

रचला हुता. अवकाळीचं आभाळ आलं म्हणून घाईघाईनं रचून वर ताडपत्री आवळली. गेल्या साली बी तसंच.

तरी म्या म्हणालो, "तुमी बालाजीची बाजू घेताव." अन् रागानं ताडपत्री ओढायला गेलो. काकांनी मनगट धरलं. "येड्या, वारं आत गेलं की भडका उडंल. आधी पाणी."

पाणी एकट्या बालाजीच्या विहिरीला. माझ्या तोंडातून हाक निघंना. काकांनीच मारली. बालाजी मोटर चालू करून पाइप घेऊन आला. पाणी मारत, थोडा थोडा कडबा काढत आत गेलो. मधल्या पेंढ्या काळ्याठिक्कर, काही लाल. तिथवर कुणाची काडी पोचणं शक्यच नव्हतं. अर्धी गंजी वाचली.

मला लई लाज वाटली.

बालाजी पाइप गुंडाळत म्हणाला, "दादा, गेल्या साली बी म्या पाइप घेऊनच पळत आलतो. तुमी कुऱ्हाड उगारली, म्हणून माघारी गेलो."