पितळी मुठीचं दार

माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध होता. "याच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो," असं आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, जणू मुलगा वकिलीच पास झाला आहे. त्या रागापायी मी नोकरीत दोनदा मालकाशी भांडलो, एकदा भर पंगतीत पानावरून उठलो, मामांशी वर्षभर अबोला धरला. ते सगळं भरून निघालं. एक नुकसान मात्र भरून निघालं नाही, आणि ते माझं नव्हतं, माझ्या धाकट्या बहिणीचं होतं.

तीस साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी मुंबईत मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होतो. हिवतापाने पार खिळखिळा केला तेव्हा डॉक्टर म्हणाला, गावी जा. कारखान्याच्या कोपऱ्यात एका बेकरीची छोटी जुनी व्हॅन मोडीत काढलेली पडून होती. ती मी मागून घेतली. आमचं गाव रत्नागिरीपासून सात मैलांवर, खाडीकाठी. मधे सगळा सडा, म्हणजे उघडा तांबडा कातळ, आणि तांबडा रस्ता. रोज सकाळी माणसं घेऊन शहरात जायचं, संध्याकाळी परत यायचं, असा माझा बेत होता.

त्या वेळी बोट रत्नागिरीच्या बंदरात आत येत नसे. बाहेर उभी राहायची आणि माणसं, माल सगळं पडावातून, म्हणजे मोठ्या होड्यांतून, किनाऱ्याला यायचं. दोन पडाव एकमेकांना बांधून, वर फळ्या टाकून गाडी उतरवली. वाटेत एका लाटेने तिला आंघोळ घातली. किनाऱ्यावर मी हँडल मारमारून दमलो, पण ती काही बोलेना. शेवटी बैल जुंपून घरी आणली. मुंबईची मोटार आली म्हणून धावत आलेली माणसं बैल बघून हसत परत गेली.

बहीण तेवढी हसली नाही. तिने गाडीभोवती एक फेरी घातली, बाजूवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली आणि विचारलं, "दादा, ही जूनपर्यंत चालेल ना?"

जूनचं कारण असं. ती तेरा संपून चौदाव्यात होती. गावच्या शाळेत मुलांच्या मागे बसून तिने मराठी सातवी केली होती आणि तिला शहरातल्या इंग्रजी शाळेत जायचं होतं. शहरात आमचं कोणी नव्हतं. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं होतं की हिने रोज भावाबरोबर, झाकलेल्या गाडीतून जावं आणि दिवेलागणीच्या आत घरी यावं. असं जमलं तर शाळा. नाही जमलं तर मुंबईतल्या एका कचेरीत चिकटलेल्या मुलाचं स्थळ सांगून आलेलं होतं. "शाळा सुरू झाली तर त्यांना दोन वर्षं थांबा म्हणून सांगेन," आप्पा म्हणाले. "नाहीतर चांगलं स्थळ मी घालवणार नाही." हेडमास्तरांना भेटून त्यांनी तिचं नावही घालून ठेवलं होतं.

म्हणजे सगळं माझ्या हातात होतं, आणि मला ते हात फार हुशार वाटत होते.

इंजिन मी उघडलं आणि खाऱ्या पाण्याने धरलेला एकेक भाग घासून काढला. बहीण शेजारी सुपात स्क्रू आणि नट मांडून बसायची. कुठला कुठून काढला हे माझ्यापेक्षा तिच्या ध्यानात राहायचं. रेडिएटर गळत होता. मुंबईचे ड्रायव्हर त्यात हळद टाकतात असं मी सहज बोललो, तर हिने आईचा हळदीचा डबा आणून निम्मा ओतला. आईने आकांत केला, पण गळती थांबली. हँडल मारायलाही ती शिकली. अंगठा मुठीत घ्यायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. मी एकदाच सांगितलं होतं. ज्या सकाळी तिच्या हाताने गाडी सुरू झाली त्या सकाळी गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली.

मागच्या लाकडी पेटीचं, जिच्यात माणसं बसायची होती, काय करायचं हा प्रश्न राहिला. पेटी तशी धड होती, पण तिच्यातून वर्षानुवर्षं पाव वाहिला होता. त्या वेळी आमच्यासारख्या घरात पाव म्हणजे बाट. फळ्यांना वास येतो म्हणून आईने नाकाला पदर लावला, आणि मुलगी त्यात बसणार नाही असं आप्पांनी ठरवूनच टाकलं. बहीण म्हणाली, "धुऊन घेऊ." मी म्हणालो, "धुवायची कशाला? नवीन करू. अशी करू की रत्नागिरी बघत राहील." आणि शिमग्याला मी ती पेटी पार उखडून फळ्या होळीत नेऊन टाकल्या. चांगल्या वाळलेल्या होत्या, भराभर जळल्या.

चैत्रात काम हाती घेतलं. खाडीवरचे एक म्हातारे सुतार चाळीस वर्षं होड्या बांधत होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. फणसाच्या फळ्या आणि लाकूड तासायचा वाकस घेऊन ते आले आणि दुसरं काही बांधलेलं नसल्यामुळे त्यांनी गाडीवरही होडीच बांधायला घेतली. खालून वाकवलेल्या बरगड्या, त्यावर बाजूच्या फळ्या, फटींत काथ्या आणि राळ. काम असं की नखही शिरू नये. मांडीइतक्या उंच बाजू झाल्या. आता कोपऱ्यांना खांब देऊन छप्पर घालायचं होतं, आणि दोन्ही बाजूंना शिडाच्या कापडाचे पडदे, जे बहीण शिवत होती. आत बसवलेल्या एका बाकाखाली तिने स्वतःसाठी दप्तराचा कप्पा करून घेतला होता.

आणि मी दाराचा विषय काढला.

माझ्याजवळ एक पितळी मूठ होती. मुंबईच्या जुन्या बाजारात गाडीच्याही आधी घेतलेली, कुठल्यातरी साहेबाच्या मोटारीची. ती लावायची म्हणजे मागे दार हवंच.

"नावेला मागं दार असतंय काय?" काका म्हणाले. "दार म्हंजे फट. सड्यावरचा पाऊस आडवा लागतो, आत पानी येनार. बाजूनं चढायचं. आमी न्हाय होडीत चढत?"

"ही होडी नाही."

"मंग बायकांना पायरी करून देताव. दाराचं मनातनं काढ."

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण बघायला चार माणसं जमली होती आणि मूठ माझ्या हातात होती. मी म्हणालो, "तुम्हाला होडीपलीकडे अक्कल नाही. जन्म गेला चिखलात. मुंबईत जाऊन एकदा गाडी बघून या, मग मला शिकवा."

काका उठले. वाकस पंचाला पुसला, पिशवीत घातला, "बरं," म्हणाले आणि चालू लागले. बहिणीने त्यांच्यासाठी आणलेला चहा तिच्या हातातच राहिला.

ते अक्षय्यतृतीयेच्या आसपासचे दिवस. आमच्याकडे त्यानंतर होड्या एकेक करून दुरुस्तीसाठी वर ओढतात, आणि मग नारळी पौर्णिमेपर्यंत होडीचा सुतार कोणाच्या हाती लागत नाही. हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

"दादा, मला दार नको," बहीण म्हणाली. "मी चाकावर पाय ठेवून चढेन. तू जा आणि त्यांना घेऊन ये."

"आणि बाकीच्या बायका? नऊवारीत फळी ओलांडतील?"

"कासोटा घालून बायका चिखलात लावणी करतात. आंब्यावर चढतात. फळी काय घेऊन बसलास?"

"तू गप्प बस," मी म्हणालो.

मी काकांकडे गेलो नाही. दार आपणच करायचं ठरवलं. फिटरला लोखंड कळतं, लाकूड कळतंच असं नाही. दारासाठी मागची फळी कापताना मी त्यांची एक बरगडी कापली, आणि त्यासरशी मागची सगळी बाजू एका अंगाला कलली. शहरातले दोन सुतार येऊन बघून गेले. दुसऱ्याने बांधलेल्या होडीला आम्ही हात लावत नाही, असं दोघांनीही सांगितलं. तोवर मृगाचा पाऊस लागला. खाली इंजिन घड्याळासारखं चालत होतं आणि वर आकाश होतं.

शाळा सुरू झाली. हेडमास्तरांनी आषाढ संपेपर्यंत जागा ठेवतो असं कळवलं. मी गाडीवर माडाचे झाप टाकून ठेवले होते. रोज शाळा भरायच्या वेळेला बहीण त्या झापांखाली, बिनछपराच्या गाडीत आपल्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची. "घरात बस की," मी खेकसलो. "इथे उजेड बरा आहे," ती म्हणाली. तिथे उजेड मुळीच नव्हता. मला ते बघवत नव्हतं आणि बघवत नव्हतं म्हणून मी आणखी ओरडायचो.

आषाढ संपला. आप्पा वाईट नव्हते. ते दोनदा माझ्याजवळ येऊन "होईल का रे?" असं विचारून गेले आणि दोन्ही वेळा मी "बघतो" म्हणालो. श्रावणात त्यांनी मुलाकडच्यांना शब्द दिला.

नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ पडले, होड्या पाण्यात गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काका पिशवी घेऊन आपणहून अंगणात उभे. मी कापलेल्या बरगडीवरून त्यांनी हात फिरवला, जनावराच्या जखमेवरून फिरवतात तसा. मग विचारलं, "पोरीची शाळा कशी चाललीय?"

"लग्न ठरलं तिचं," मी म्हणालो.

ते चाकाशी टेकून खाली बसले. 

"आषाढात आली होती माज्याकडं," ते म्हणाले. "नखशिखांत भिजून. म्हनाली, काका, दादाचं बोलनं मनात धरू नका, छप्पर तेवढं करा. मी म्हटलं, दादाला पाठव. माफी नको, काय नको. निस्तं दारात येऊन 'चला' म्हनू दे. होडी बाजूला ठेवून आलो असतो. दोन दिसांचं तर काम."

"मग?"

"मंग काय. बोलली, दादा नाय येनार. आनि जाताना बोलली, मी आलेली ते त्याला सांगू नका."

मी आत गेलो. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

तिने मान वर केली नाही. "सांगितलं असतं तर गेला असतास?"

 याचं उत्तर मी आता देतो. नसतो गेलो. उलट मला न विचारता काकांकडे जाऊन मला खाली पाहायला लावलंस म्हणून तिच्यावरच ओरडलो असतो. हे तिला माझ्याआधी कळलं होतं, आणि माझी मान खाली जाऊ नये म्हणून तिने आपली शाळा जाऊ दिली. त्या दिवसापासून मला स्वतःची किळस आली ती अजून पुरती गेलेली नाही.

काकांनी दोन दिवसांत छप्पर घातलं. तिसऱ्या दिवशी, मी न मागता, मागे दार केलं. मूठ लावून दाखवली. पुढे सात पावसाळे त्या दारातून पाण्याचा थेंब आत आला नाही.

गाडी चांगली चालली. दोन वर्षांनी गावातल्या तीन मुली तिच्यातून इंग्रजी शाळेत जायला लागल्या. त्यांतली सगळ्यांत धाकटी बहिणीच्या बाकावर बसायची आणि तिच्या कप्प्यात दप्तर ठेवायची. मी तिला कधी अडवलं नाही, पण मागे वळूनही बघितलं नाही. बहीण मुंबईला एका खोलीत संसार करत होती. मुलांचा अभ्यास तीच घ्यायची. पत्रं यायची, अक्षर मोत्यासारखं. शाळेबद्दल एका ओळीचाही उल्लेख नाही. शेवटी मात्र दर वेळी असायचं, गाडी कशी आहे?

पण या सगळ्याच्या आधी, त्याच वर्षी मार्गशीर्षात, तिचं लग्न झालं. ज्या डब्यातली हळद रेडिएटरात गेली त्याच डब्यातली तिला लागली. दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाला बोट गाठायची होती आणि बंदरापर्यंत मीच सोडणार होतो. परवाना नुकताच हातात आला होता आणि नवी गाडी पहिल्यांदा माणसं घेऊन निघणार म्हणून आईने तिला झेंडूची माळ घातली. मी मूठ चिंचेने घासून लखलखीत केली होती. वरमाई, करवल्या, सगळ्या मागच्या दाराने आत बसल्या. दाराचं कौतुक झालं. शेवटी बहीण आली, शालू नेसलेली, हातभर चुडा. मी दार उघडून धरलं.

तिने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वळसा घालून बाजूला गेली, पडदा सारला, चाकावर पाय ठेवला आणि एका झेपेत फळी ओलांडून आपल्या बाकावर जाऊन बसली. शालूची निरीसुद्धा विस्कटली नाही. "बघितलंस दादा?" ती म्हणाली. "येतं मला."

वऱ्हाड हसलं. तीही हसत होती. मी तसाच मूठ धरून उभा होतो, आणि आप्पा पुढून हाक मारत होते की दार लाव, बोटीची वेळ झाली.