न्हाणीची कडी

भूकंपानंतर लातूरच्या आमच्या घरात माय कुठल्याच दाराला आतून कडी लावू देत नव्हती. हादरा बसला की दार अडकतं आणि माणूस आतच राहतं, म्हणायची. न्हाणीचं दारसुद्धा ती नुसतं लोटून घ्यायची.

पुढं गावात क्लासेसचं पेव फुटलं. मागच्या दोन खोल्या आम्हीही शिकायला आलेल्या पोरांना भाड्यानं दिल्या. न्हाणी मात्र सगळ्यांत एकच होती. घरात परकी पोरं, म्हणून माय कडी लावायला लागली. "या वयात कुणाची लाज गं तुला?" म्हणून मी चिडायचे. ती ऐकायची नाही.

एका सकाळी ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी दुपारी कामावरून आले, तेव्हा न्हाणीचं दार आतून बंदच होतं. धक्के मारमारून मी कडी उचकटली.

दवाखान्यात मी तिच्यावरच खेकसले, "पोरं भिंतीपलीकडं वाचत बसली होती. एक हाक मारता येत नव्हती?"

मायनं तोंड फिरवलं.

"कशी मारू, बाई? लुगडं वर खुंटीला होतं. हात पुरला न्हाई."